गव्हात टोके, तुरीत भुंगेरे: थेट शेतकऱ्याकडून वर्षाचं धान्य घ्यायचं तरी कसं?

पत्र (थोडक्यात): पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. घरात पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं आणि ११ व ७ वर्षांची मुलं. जेवढं जमेल तेवढं जवळपासच्या शेतकऱ्यांकडून घ्यायचं, असं मागच्या वर्षी ठरवलं. एप्रिलमध्ये १०० किलो गहू आणि ५० किलो अख्खी तूर घेतली. गहू मोठ्या कोठीत भरला, तूर पोत्यातच बाल्कनीत ठेवली. पावसाळा संपेपर्यंत गव्हात टोके (दाणे पोखरणारे बारीक किडे) आणि तुरीला भोकं. भाजीची आठवड्याची पेटीही लावली होती, तीतली निम्मी पालेभाजी सडायची. सासूबाई म्हणतात एरंडेल चोळायला हवं होतं, नवरा म्हणतो दुकानात पाऱ्याच्या गोळ्या मिळतात. यंदा परत करावं की किराणा दुकानच बरं?

उत्तर:

ताई, करा. पण दुकानदाराला आपण जास्तीचे पैसे कशाचे देत होतो, ते आधी बघा. व्यापारी माल वाळवतो, चाळतो, निवडतो, त्याला धुरी देतो, गोदामात सांभाळतो आणि दर महिन्याला पाच-दहा किलो सुटा विकतो. शेतकऱ्याकडून थेट घेतलं की ही सगळी कामं तुमच्या घरात येतात. मागच्या वर्षी तुम्ही माल घेतला, त्यामागची कामं मात्र कुणीच केली नाहीत. शेतकऱ्याने फसवलं असं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही.

आधी तुरीचं बघू, कारण तिथली चूक मूळची आहे. कडधान्यातला भुंगेरा तुमच्या बाल्कनीत जन्माला आलेला नाही. त्याची मादी शेतात वाळत आलेल्या शेंगांवर आणि पुढे साठवणीत अख्ख्या दाण्याच्या गुळगुळीत सालीवर अंडी घालते. अळी साल पोखरून आत शिरते, आतच वाढते आणि भुंगेरा झाली की गोल भोक पाडून बाहेर येते. म्हणून माल घेताना दाणे चांगलेच दिसतात. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत महिन्याभरात एक पिढी तयार होते, आणि पोत्याची वीण तिला अडवत नाही. सोललेल्या, भरडलेल्या डाळीवर मात्र या किड्याचं फारसं जमत नाही. आपल्याकडे तूर घरात आली की लगेच डाळ करून ठेवायची रीत आहे ती यामुळेच. तेव्हा अख्खी तूर साठवायचीच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर आली की डाळ पाडून घ्या. गावातली छोटी डाळ गिरणी १०० किलो तुरीतून साधारण ६५ ते ७० किलो डाळ देते, बाकीचा भुसा आणि चुणी, म्हणजे डाळीचा तुटका चुरा. चुणी जनावरांना चालते, म्हणून ती शेतकऱ्याकडेच ठेवून भरडाईचे पैसे थोडे कमी करून घ्या. तुम्हाला वर्षाला ४५ किलोच्या आसपास तूरडाळ लागेल, म्हणजे ६५ ते ७० किलो तूर. डाळ आली की दोन उन्हं द्या, गार करा, किलोला एक छोटा चमचा (५ मिली) खाण्याचं तेल हाताने चोळा आणि डबे गच्च भरा. शिजवायच्या आधी धुतली की तेल जातं.

मूग, मटकी, हुलगे, चवळी मात्र अख्खीच लागतात, मोड आणायला. ती वर्षाची घेऊ नका. दोन-तीन महिन्यांपुरती घ्या आणि त्यांनाही तेलाचा हात लावा. मूग-उडीद गौरी-गणपतीच्या सुमाराला नवे येतात, तेव्हा ते पावसात भिजलेले नाहीत ना हे बघा. भिजलेला मूग मळकट दिसतो आणि मोड सारखे येत नाहीत.

आता गहू. तुमचा कोठीचा विचार बरोबर होता, कोठीचं माप चुकलं. टोक्याची मादी दाण्याला बारीक छिद्र करून आत अंडं घालते आणि छिद्र बुजवते, त्यामुळे चाळून किंवा निवडून ती कीड जात नाही. थोडी अंडी जवळजवळ प्रत्येक मालात असतात असं धरूनच चालायचं. दाणा खणखणीत वाळलेला असेल आणि डबा गच्च भरून हवाबंद असेल, तर आतले किडे आतला प्राणवायू संपवतात आणि मरतात. १०० किलोची एकच कोठी रोज उघडली की रोज नवी हवा आत जाते, आणि गहू खाली जाईल तशी वरची मोकळी जागा वाढत जाते. तिथून पुढे ते टोक्यांचं घर.

म्हणून मोठी कोठी सोडा आणि ३५ लिटरचे झाकण घट्ट बसणारे डबे घ्या. एकात २५ किलोपेक्षा थोडा जास्त गहू किंवा ज्वारी मावते. काठोकाठ भरायचे, डबा हलवून दाणे बसवायचे, परत भरायचे आणि झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी लावायची. एका वेळी एकच डबा उघडायचा. तो साधारण दोन महिने पुरेल, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. पलंगाखाली, कपाटावर, कुठेही ठेवा, फक्त बाहेरच्या भिंतीला चिकटून नको आणि थेट फरशीवर नको. पावसाळ्यात दोन्हीकडून ओल येते. खाली फळी किंवा दोन विटा पुरतात.

वाळवण्याबद्दल नेमकं सांगायला हवं, कारण खेळ इथेच बिघडतो. गहू-ज्वारीत ओल १२ टक्क्यांच्या खाली हवी. घरी मोजायचं कसं? दाणा दाढेखाली धरा. कट्ट असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर ठीक, चपटा होऊन मऊ लागला तर अजून ऊन हवं. दुसरी परीक्षा: कोरड्या काचेच्या बरणीत दोन-तीन मुठी धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा आणि जरा ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, तो माल भरायचा नाही. मीठ चिकटलं नाही म्हणजे माल भरण्याइतका वाळला असं मात्र नाही, म्हणून दाढेची परीक्षाही घ्याच. सोसायटीच्या गच्चीत मार्च-एप्रिलच्या उन्हात काळ्या ताडपत्रीवर बोटाच्या एका पेराएवढा थर पसरा, दर तासाला हात फिरवा. दोन कडक उन्हं पुरतात. मग रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या आणि सकाळी भरा. गरम धान्य डब्यात भरलं तर रात्री डबा थंड होताना आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि कडेच्या धान्याला बुरशी लागते. उरका पडावा म्हणून संध्याकाळी ऊन उतरताच भरण्याची घाई पुष्कळ घरांत होते. तसं करू नका.

पोती हे किडीचं दुसरं दार. शेतकऱ्याला सांगा, माल नव्या किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या पोत्यातच पाठवा. जुन्या पोत्याच्या शिवणीत मागच्या वर्षीची कीड बसलेली असते.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. गव्हाला एरंडेल चालतं: दहा किलोला दोन मोठे चमचे, तळव्यांवर घेऊन चोळायचं, दाणा जेमतेम चकाकला पाहिजे. जास्त झालं की गिरणीवाला कुरकुरतो, पीठ चक्कीला चिकटतं आणि पोळीला वास येतो. पण एरंडेलाने ओला गहू वाचत नाही. ज्वारीला ते लावूच नका, भाकरीत लगेच कळतं. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालायला हरकत नाही. ओला पाला घालणारे धान्यात आपण होऊन पाणी घालतात.

पाऱ्याच्या गोळ्या मात्र नकोत. पारा घरात वाफेच्या रूपात सुटतो, गोळी फुटली तर धान्यात मिसळतो, आणि घरात लहान मुलं आहेत. बोरिक पावडर तांदळाला लावायची पुष्कळ घरांत पद्धत आहे, पण ती पोटात जाण्याची वस्तू नाही, आणि गहू-ज्वारी आपण धुऊन दळत नाही. कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवल्या तर त्या दारातूनच परत पाठवा. हवेतल्या ओलीने त्यांतून निघणारा वायू किड्याला मारतो तसा बंद घरातल्या माणसालाही मारतो, आणि या गोळ्यांमुळे घरात झोपलेली माणसं दगावलेली आहेत. ते गोदामातलं काम आहे आणि तिथेही प्रशिक्षित माणसानेच करायचं.

हिशेबाकडे येऊ. पोळी एका जेवणाला आणि डब्याला, भाकरी एका जेवणाला, असं धरलं आहे. रोज १२ पोळ्या, एका पोळीला ३५ ग्रॅम कणीक, म्हणजे महिन्याला साडेबारा किलो आणि वर्षाला दीडशे किलो गहू. रोज पाच भाकऱ्या, एकीला ९० ग्रॅम पीठ, म्हणजे महिन्याला साडेतेरा किलो. त्यातले थंडीचे दोन महिने बाजरीचे, सव्वीस-सत्तावीस किलो. उरलेली ज्वारी १३५ किलो. तांदूळ रोज ३०० ग्रॅम, वर्षाला ११० किलो. हे आकडे डोळे झाकून घेऊ नका. पंधरा दिवस घरचं पीठ-तांदूळ वजन करून वापरा आणि स्वतःचा आकडा काढा. मुलं भाकरी खात नसतील तर ज्वारीचा आकडा बराच खाली येतो, आणि ती जबरदस्तीने खाऊ घालण्यासाठी १३५ किलो भरून ठेवणं हा उपाय नाही.

एवढं सगळं फ्लॅटमध्ये भरायची गरजही नाही. निम्मं आत्ता उचला. निम्म्याचा सौदा करून शेतकऱ्याकडेच राहू द्या आणि दिवाळीच्या सुमाराला मागवा. साठवणीचे म्हणून किलोमागे दोन-तीन रुपये जास्त ठरवा. ते काम त्याचं, तर पैसेही त्याचेच. खपली गव्हाला हे फार सोयीचं जातं: सांगली-साताऱ्याकडचा शेतकरी तो फोलासकट ठेवतो, फोलात टोक्याला शिरकाव अवघड असतो, आणि मागाल तेवढाच कांडून, फोल काढून देतो. खपलीची पोळी एकटीने नीट ताणली जात नाही, निम्मा लोकवन (नेहमीचा पोळीचा गहू) मिसळा. ‘मध्य प्रदेशचा शरबती’ हवा असेल तर जरूर खा, पण मग तो जवळचा नव्हे. निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेले त्र्यंबक किंवा तपोवन हे गव्हाचे वाण विचारून बघा, पोळीला उत्तम.

ज्वारी रब्बीचीच, म्हणजे शाळू. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. मालदांडी या शाळूच्या वाणाचं नाव मंगळवेढ्याशी जोडलेलं, तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शिरूर, दौंड, इंदापूर, पुरंदरलाही शाळू पिकतो आणि पुण्याला तो जवळ पडतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी स्वस्त दिसते. ती पावसात सापडली की दाणा काळवंडतो, भाकरी करडी आणि चवीला उतरलेली. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. शिळ्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फुटतात, मग दोष ज्वारीला लागतो. बाजरीचं पीठ आणखी लवकर कडू होतं, चार-पाच दिवसांचंच करा. गिरणीतून आलेलं कोणतंही पीठ गरम असताना डब्याचं झाकण लावू नका.

तांदळासाठी पुण्यासारखी जागा नाही. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलाच वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला, १९८७ चा. मावळ, भोर, वेल्ह्याकडे भरपूर मिळतो. मुळशीचा आंबेमोहर महाग, आणि त्याच्या नावावर काहीही खपतं, तेव्हा तो ओळखीशिवाय घेऊ नका. भात डिसेंबरात कांडून येतं. नवा तांदूळ गिचका होतो, तो खिचडी-पेजेला वापरा आणि रोजच्या भाताला जुना संपवा. हातसडी तांदळाच्या कोंड्यात तेल असतं, दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. तो महिन्यापुरताच.

तेल: रोज माणशी २५ ग्रॅम धरलं तर महिन्याला पावणेचार किलो, म्हणजे चार लिटरच्या थोडं वर. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात, शेंगा घेतल्या तर साडेतीन किलोच्या आसपास. तेवढ्या दाण्यांची किंमत, अधिक घाण्याची मजुरी, वजा पेंडीचे पैसे, एवढा हिशेब केला की समोरच्याने सांगितलेला ‘घाण्याच्या तेला’चा दर खरा आहे की नाही ते कळतं. या हिशेबापेक्षा बरंच स्वस्त पडणारं तेल घाण्याचं नसतं. दोन महिन्यांपुरतंच काढून घ्या, चार दिवस स्थिर ठेवा, वरचं ओतून घ्या, गाळ आधी फोडणीत संपवा. शेंगदाण्यात काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे दिसले तर ते निवडून फेकायचे. घाण्यात घालून बुरशीचं विष जात नाही.

भाव ठरवताना घासाघीस किती करायची? हमीभाव तळाचा आकडा समजा. २०२५-२६ साठी मालदांडीचा क्विंटलला ३,७४९ आणि तुरीचा ८,००० रुपये होता. निवडलेला, वाळवलेला, घरपोच माल त्याच्या बराच वर असणारच. ‘मधला दलाल नाही म्हणून निम्म्या किमतीत’ ही अपेक्षा सोडा. वाहतूक एकट्याने अंगावर घेतली तर फायदा तिथेच जातो. चार-पाच घरांनी मिळून एक छोटा टेम्पो भरा. सौदा किलोतच करा, पायलीत नको, कारण पायली गावागणिक बदलते. आधी पाच किलो नमुना मागवा, पोळी-भाकरी करून खा, आणि त्यातली मूठभर बंद बाटलीत ठेवा. माल आला की शेजारी ठेवून बघा. चाळल्यावर १०० किलोमागे दोन-चार किलो काडीकचरा निघणं साधं आहे, त्याहून जास्त निघाला तर बोला. माणसं कुठे शोधायची, तर बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं शेतकरी गटांची माहिती देतात. आणि ‘जवळचं’ म्हणजे ‘सेंद्रिय’ नव्हे. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मागितले तर प्रमाणपत्र किंवा पीजीएस गटाचं (एकमेकांच्या शेतीची खात्री देणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचं) नाव विचारा.

भाजीची पेटी बंद करा. पेटीत काय येणार ते शेतावर ठरतं, तुमच्या चुलीवर नाही. त्यापेक्षा शेतकरी आठवडे बाजारातून स्वतः घ्या. तुमच्या घराला आठवड्याला आठ-नऊ किलो भाजी लागेल. त्यात पालेभाजीच्या जुड्या चारच, आणि पहिल्या तीन दिवसांत संपवायच्या. निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. तुमची सडली ती बहुधा पाण्याने निथळत आली आणि तशीच फ्रिजमध्ये गेली म्हणून. मग भेंडी-गवार, नंतर वांगी-फ्लॉवर, शेवटी दुधी, लाल भोपळा. मे-जूनमध्ये भाजी कमी आणि महाग असतेच, तेव्हा मटकी, हुलगे, सांडगे, पिठलं काढा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी बाजारात बसलेल्या बायकांकडून घ्या आणि कशी शिजवायची तेही त्यांनाच विचारा. शेवळं ही रानभाजी काकडं (तिच्यासोबत विकली जाणारी आंबट फळं) किंवा चिंचेशिवाय केली तर घशाला खाज सुटते. ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून आणू नका.

कांदा एप्रिल-मेमधला उन्हाळ, मध्यम आकाराचा, मान बारीक आणि सुकलेली असलेला. ४० किलो पसरून ठेवायला हवेशीर जागा असेल तरच घ्या, बटाट्यापासून लांब. ऑक्टोबर-डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसा. मिठाच्या बाबतीत हट्ट नको, आयोडीनयुक्तच वापरा. जिरं, मोहरी, मसूर बाहेरून येतात, येऊ द्या.

खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून क्रम असा ठेवा: डिसेंबरात तांदूळ, फेब्रुवारीत तूरडाळ, मार्चमध्ये ज्वारी, एप्रिलमध्ये गहू आणि मिरची-हळद. गूळही थंडीतच घ्या. एकदम पिवळाधमक दिसला तर सोडून द्या. पावसाळ्याआधी तो हवाबंद करा, नाहीतर पाझरतो. पहिल्या वर्षी तूरडाळ आणि ज्वारी एवढंच केलंत तरी पुष्कळ. गहू दुसऱ्या वर्षी घेतलात तरी चालेल.

मागच्या वर्षीचा गहू अजून शिल्लक असेल तर चाळून, ऊन देऊन आधी संपवा. कुबट वास येत असेल, हाताला गरम लागत असेल किंवा गुठळ्या झाल्या असतील तर तो खाऊ नका आणि जनावरांनाही घालू नका. भोकं पडलेल्या तुरीची डाळ निघत नाही. बुरशी नसेल तर ती कोंबड्यांना द्या. नवा माल घरात येण्याआधी ती कोठी रिकामी करून, गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात उलटी ठेवा, आणि बाल्कनीतलं ते पोतं घराबाहेर काढा.